कुलवृत्तांतात न छापलेलं

अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलात की एक प्रश्न हमखास येतो: घरात आणखी कुणाला आहे का? आणि त्याचं उत्तरही हमखास तेच असतं. "छे हो, आमच्याकडे कुणालाच नाही." आमच्या वेळी हे उत्तर सासूबाईंनी दिलं. "आमच्याकडे"वर असा काही जोर दिला, की उरलेलं वाक्य माझ्या माहेराकडे बोट दाखवून आपोआप पुरं झालं. लेक माझ्या मांडीवर कोपराची लवण खाजवत बसला होता. गालांवर इसबाचे लाल चट्टे, आणि काही दिवसांपूर्वी उकडलेल्या अंड्याचा एक घास खाऊन ओठ टरारून सुजले होते, म्हणून तर आम्ही तिथे पोचलो होतो.

डॉक्टरीणबाई मुरलेल्या होत्या. त्यांनी अॅलर्जीचं नावच काढलं नाही. सकाळी उठल्याउठल्या कुणाला शिंकांची लड लागते का? कुणाच्या अंगावर पित्त उठतं? पावसाळ्यात कुणाची छाती भरते? धान्य पाखडताना कुणी नाकाला पदर लावायचं का? मग मात्र सासूबाईंना एकेक आठवायला लागलं. सासऱ्यांच्या सकाळच्या शिंका, ज्यांवर खालच्या मजल्यावरचे लोक दूध तापवायला उठतात. नणंदेच्या अंगावर उठणारं पित्त आणि त्यावर चोळलेला आमसुलाचा कोळ. आजेसासूबाई तर थंडीत उशा रचून बसूनच झोपायच्या, "पण त्यांची प्रकृतीच तशी होती." माझ्या बाजूनेही भर पडलीच: आमचे बाबा आणि एक मावशी. डॉक्टर कागदावर चौकोन आणि गोल काढत होत्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि त्रास असेल तर तो आतून काळा करायचा. दोन्ही बाजू भरून झाल्या तेव्हा कागद असा काही काळवंडला होता की सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. आपल्याकडे या गोष्टी घरातल्या माणसांनाही आजार म्हणून माहीत नसतात. त्या सवयी असतात, स्वभाव असतो, "थंडी सोसत नाही" असतं. आणि ज्या माहीत असतात त्या लपवलेल्या असतात, कारण लग्नं जुळायची असतात. मावशीचं लग्न ठरलं तेव्हा "तिला धुळीचा जरा त्रास आहे" एवढंच मुलाकडच्यांना सांगितलं होतं. दम्याचा पंप तिने पहिली काही वर्षं पर्सच्या आतल्या कप्प्यात रुमालात गुंडाळून ठेवला आणि ओढायचा तर न्हाणीघरात नळ सोडून ओढला. दमा आहे म्हटलं की मुलीचं बाशिंगबळ संपलं, हे अजूनही पुष्कळ घरांत खरं आहे. मुलाचा दमा मात्र "लहानपणी होता, आता काही नाही" या वाक्यात मावतो.

आमच्या सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. जाड, कापडी बांधणीचा, देवघराच्या वरच्या फळीवर. मूळ पुरुष कोकणातून कधी निघाला, कोण सरदारांच्या पदरी होता, कोण मामलेदार झाला, कोण अमेरिकेत कुठल्या कंपनीत आहे, सगळं त्यात आहे. कुणाला धाप लागायची ते कुठेच नाही. ते एक ठीक. पण त्याहून मोठी अडचण अशी की तो फक्त पुरुषांच्या रेषेने चालतो. सून आली की तिचं माहेर एका कंसात संपतं, आणि लेक सासरी गेली की तिच्या पुढची पानं दुसऱ्या कुळाच्या वृत्तांतात. शरीराला हा हिशेब मान्य नाही. माझ्या लेकात जे काही आलं आहे त्यातलं निम्मं माझ्याकडून, आणि त्यातलं निम्मं माझ्या आईकडून, जिचं नाव त्या पुस्तकात येण्याचा प्रश्नच नाही. सुश्रुताने आईबापांच्या बीजातून येणाऱ्या रोगांना आदिबलप्रवृत्त म्हटलं आणि त्यांचे मातृज आणि पितृज असे दोन प्रकार केले. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांपेक्षा त्याची नोंदवही बरी होती.

घराण्यातून नेमकं काय येतं, यावर आधुनिक काळात पहिल्यांदा नीट मोजून पाहिलं ते न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुक आणि आल्बर्ट व्हँडर व्हीर यांनी, १९१६ मध्ये. परागज्वर, दमा वगैरे असलेल्या ५०४ रुग्णांच्या घरची माहिती त्यांनी गोळा केली. जवळजवळ निम्म्यांच्या घरात आधीच कुणाला तरी तसा त्रास होता. निरोगी माणसांच्या घरात साधारण सातातल्या एकाच्या. पण त्यांच्या कामातला खरा ऐवज या आकड्यात नाही. त्यांच्या लक्षात आलं, की बापाला घोड्याच्या केसांनी त्रास होतो म्हणून मुलाला घोड्याच्याच केसांनी होत नाही. मुलाला गवताच्या परागांनी होईल, नातीला अंड्याने. वारशात मिळते ती कशानेतरी बिथरण्याची तयारी. कशाने बिथरायचं, ते ज्याचं त्याचं आयुष्य ठरवतं. जनुक नावाची गोष्ट कशाची बनलेली असते हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, तरी हे वाक्य आजही जवळजवळ तसंच्या तसं उभं आहे.

आपण "रक्तातच आहे" म्हणतो, ते तर एकाने शब्दशः करून दाखवलं. १९२१, ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ. हाइन्झ क्यूस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा चालत नसे. त्याच्या रक्तातला द्रव कार्ल प्राउस्निट्झ या सहकाऱ्याने स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि आजवर मजेत मासे खाणाऱ्या प्राउस्निट्झच्या कातडीवर तिथेच, तेवढ्याच जागेवर, गांधी उठली. रक्तात काहीतरी होतं हे ठरलं. ते काय, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवराबायकोने १९६६ मध्ये अमेरिकेत ते शोधून काढलं, आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख त्याच सुमारास वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. त्याचं नाव आयजीई. एरवी जंतांसारख्या परोपजीवींच्या मागे लागणारी ही प्रतिपिंडं काही माणसांत अंड्याच्या, धुळीच्या, परागांच्या निरुपद्रवी प्रथिनांविरुद्ध तयार होतात आणि ऊतींमधल्या मास्ट पेशींवर जाऊन दबा धरून बसतात. तोच पदार्थ पुन्हा आला की त्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. मग ओठ सुजतात, नाक वाहतं, छातीत घरघर सुरू होते.

डॉक्टरांनी आम्हाला आकडे सांगितले, तेही सांगते. आईवडिलांपैकी कुणालाच अॅलर्जी नसली तरी साधारण दहातल्या एका मुलाला ती होतेच. एकाला असली तर तीनातल्या एकाला. दोघांना असली तर निम्म्याहून अधिक मुलांना. वेगवेगळ्या पाहण्यांत हे खालीवर होतं, पण चढण हीच. "म्हणजे आईकडून की वडिलांकडून?" सासूबाईंनी विचारलंच. दम्यापुरतं आईचं पारडं किंचित जड आहे: आईला दमा असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे तिप्पट, वडिलांना असेल तर सुमारे अडीचपट. एवढ्याशा फरकावर आपल्याकडे किती सुनांची आयुष्यं तोलली गेली असतील, असं मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या वाटलं. बोलले नाही. नवराही भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र मन लावून बघत होता.

मग डॉक्टरांनी लेकाचा तळहात उताणा केला. चिमुकला हात, आणि त्यावर रेघांचं जाळं: अंगठ्याच्या उंचवट्यावर बारीक बारीक, एकीत एक अडकलेल्या, जुन्या चिनीमातीच्या बशीला तडे गेल्यासारख्या. मग त्यांनी नवऱ्याला हात पुढे करायला सांगितलं. तेच जाळं. ज्योतिषाने या हातावर किती विदेशयोग आणि किती मनस्ताप काढले असते कोण जाणे. डॉक्टर म्हणाल्या, हे फिलॅग्रिनचं काम असू शकतं. फिलॅग्रिन हे कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातलं प्रथिन. ते त्या थराला घट्ट विणतं, आणि त्याचं विघटन होऊन जे उरतं ते कातडीत ओल धरून ठेवतं. त्याच्या जनुकात खोट असली की कातडी कोरडी पडते, तळव्यांवर रेघा वाढतात, आणि इसबाची शक्यता बरीच चढते. हे २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅकलीन यांच्या गटाने दाखवलं. युरोपात साधारण दहातल्या एकाकडे असा बदल असतो. आशियात सापडलेले बदल बरेचसे वेगळे आहेत, पण काम तेच करतात. आणि हा अॅलर्जीचा "एकच" जनुक नव्हे बरं का. २००७ मध्ये सतराव्या गुणसूत्रावरचा एक भाग लहानपणीच्या दम्याशी जोडलेला सापडला, आणि त्यानंतर अशी ठिकाणं वाढतच गेली आहेत. प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा.

नवरा आपल्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो कुणीतरी चुकून त्याला देऊन गेलं होतं. सासूबाई गप्प.

घरी आल्यावर मात्र मी दुसरीच एक रेघ शोधायला लागले. आमच्या बाबांच्या नाकावर, शेंड्याच्या जरा वर, एक आडवी फिकट रेघ आहे. लहानपणापासून आम्ही तिला "आजोबांचं नाक" म्हणत आलो, कारण आजोबांच्या त्या एकुलत्या एक फोटोतही ती दिसते. ती रेघ वारशाने येत नाही, हे मला त्यानंतर कळलं. नाक सतत खाजणारं मूल तळहाताने शेंडा वर ढकलतं, दिवसातून शेकडो वेळा, वर्षानुवर्षं, आणि तिथे घडी पडते. डॉक्टर लोक त्या हालचालीला अॅलर्जिक सॅल्यूट म्हणतात. आजोबांची रेघ आजोबांनी काढली, बाबांची बाबांनी. पिढीगणिक नव्याने. वारशाने आली ती फक्त खाज.

आणि खाजेची कारणंही प्रत्येकाची निराळी. आजोबा नगर जिल्ह्यातले, खळ्यावर मळणी चालू असली की त्यांना पडवीतसुद्धा बसवत नसे. बाबा नोकरीला पुण्यात आले आणि त्यांना गाजरगवताने गाठलं. हे मूळचं अमेरिका खंडातलं तण आपल्याकडे पहिल्यांदा नजरेत आलं ते पुण्यातच, १९५० च्या दशकात. पुढे काँग्रेस गवत म्हणून देशभर बदनाम झालं. म्हणजे बाबांच्या अंगातली तयारी पिढ्यांपिढ्यांची जुनी, आणि तिला पेटवणारं गवत जेमतेम त्यांच्याच वयाचं. आजोबांच्या लहानपणी ते गावात असतं तर तेही खळ्यावर न जाता शिंकले असते. लेकाच्या रक्ततपासणीत अंडं निघालं, आणि पुढे माइट, म्हणजे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे. ते आपल्याच अंगावरून झडलेल्या कातडीवर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. आमच्या चिपळूणच्या घरातल्या कापसाच्या गाद्या म्हणजे त्यांचं वतन. पूर्वी आश्विनाचं ऊन पडलं की गाद्या-गोधड्या अंगणात यायच्या. त्यामागे कुणी माइटचा विचार केला नव्हता, पण ओल उडाली की माइट टिकत नाहीत एवढं खरं.

एक चुलत दीर मेलबर्नला असतात. इथे असताना त्यांना सर्दी म्हणजे पावसात भिजल्यावर होणारी गोष्ट. तिथे काही वर्षं गेली आणि वसंत आला की डोळे लाल. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथे वादळ आलं. रायगवताचे पराग ओलाव्याने फुटून इतके बारीक झाले की नाकात न अडकता थेट छातीत उतरले. हजारो माणसं धाप लागून इस्पितळांत गेली आणि दहा जण गेले. बाधितांत भारतीय आणि आशियाई वंशाची माणसं लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाहून जास्त होती. त्यातल्या अनेकांना आपल्याला दमा होऊ शकतो याची कल्पनाच नव्हती. दीर त्या रात्री घरात खिडक्या लावून बसले होते, नशीब म्हणायचं.

जनुकं तीच ठेवून फक्त भोवताल बदलला तर काय होतं, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला शेंगदाण्यात दिसतो. २००८ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची अॅलर्जी सुमारे दहापट. फरक एवढाच, की ब्रिटनमध्ये तेव्हा अॅलर्जीच्या धाकाने तान्ह्या मुलांपासून शेंगदाणा लांब ठेवायचा सल्ला होता, आणि इस्राएलमध्ये मुलं दात यायच्या सुमारास शेंगदाण्याचा मऊ कुरकुरा खाऊ चघळत होती. मग त्यांनी ६४० बाळांवर प्रयोग केला, तीही सगळी धोक्यातली, तीव्र इसबाची किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली. निकाल २०१५ मध्ये आला: लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्या गटात पाचव्या वर्षी त्याची अॅलर्जी न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी निघाली. जगभरचे सल्ले त्यानंतर उलटे झाले. आपल्याकडे कोशिंबिरीपासून उपासाच्या आमटीपर्यंत सगळ्यात कूट, आणि शेंगदाण्याची जीवघेणी अॅलर्जी तुलनेने कमीच ऐकू येते. त्याचं सगळं श्रेय कुटाला देऊ नये, पण ऊर भरून येतो खरा.

जुळ्यांचंही तसंच. अमेरिकेत २००० मध्ये शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या जुळ्यांची पाहणी झाली. एकसारख्या जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ६४ टक्के, वेगवेगळ्या जुळ्यांत ७. वारशाचा जोर केवढा, ते या दोन आकड्यांत आहे. पण मला राहून राहून उरलेले ३६ टक्के दिसतात. अक्षर न् अक्षर तीच जनुकं, तीच आई, तेच घर, बहुधा तीच थाळी, आणि तरी एकाला होतं, एकाला होत नाही.

घरात हे सगळं मी जमेल तेव्हा, जमेल तसं सांगत असे. सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण एका दुपारी वाटाणे सोलता सोलता आपणहून म्हणाल्या, "अगं, आमच्या सासूबाईंना ना, कोजागरीला दम्याचं औषध आणायचे दुधातून. आणि एकदा मृगाला हैदराबादला पण नेलं होतं, माशाच्या औषधाला. आपण शाकाहारी, म्हणून गुळातून घेतलं." मग त्यांच्या माहेरच्या एका आत्याचं निघालं, मग तिच्या मुलाचं. हे त्यांनी लग्न झाल्यापासून कुणाला सांगितलं नसणार. मी डॉक्टरांचा तो कागद काढून तिथल्या तिथे दोन गोल आणि एक चौकोन काळा केला. त्या बघत होत्या. "त्यात माझ्या आईचंही घाल," म्हणाल्या, "तिला नव्हतं काही, पण घाल." तिचा गोल पांढरा ठेवला.

लेकाचं अंडं पाचव्या वर्षी सुटलं. बहुतेक मुलांचं सुटतं. ते डॉक्टरांसमोर, थोडंथोडं खाऊ घालून तपासलं, घरी नाही. इसब मागे हटला आणि शिंका पुढे आल्या, ही चालही ठरलेलीच असते. पंप त्याच्या शाळेच्या दप्तरात, बाहेरच्या कप्प्यात असतो. मावशीने तो बघितला आणि काही न बोलता चेन नीट लावून दिली.

आता नणंदेला मुलगी झाली आहे आणि ती बाळंतपणाला आमच्याकडे आहे. बाळाच्या गालांना हात लावला की खरखर लागते. जन्मल्यापासून रोज मलम चोपडलं तर इसब टळेल अशी सगळ्यांचीच आशा होती, पण ब्रिटनमध्ये तेराशेहून अधिक बाळांवर करून पाहिलं, २०२० मध्ये निकाल आला, टळत नाही. झालेला इसब आटोक्यात ठेवायला मलम हवंच, तो भाग वेगळा. मला धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. अन्न तोंडातून गेलं तर शरीर ते आपलं म्हणायला शिकतं, आणि तेच फुटलेल्या कातडीतून गेलं तर परकं म्हणायला, असा लॅक यांचा सिद्धांत आहे. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांवर माणसांना गव्हाची अॅलर्जी झाली, त्याआधी निर्धास्त पोळीपाव खाणाऱ्यांना. आणि आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी रोज त्याला डाळीचं पीठ आणि साय लावून घसघसून चोळतात.

बोलायचं कसं हा प्रश्न होता, कारण मावशींचा हात या घरात दोन पिढ्या फिरला आहे. शेवटी सासूबाईच बोलल्या. बाळाच्या डॉक्टरांनी सहाव्या महिन्यात उष्टावण झालं की उकडलेलं अंडं आणि शेंगदाण्याचं पातळ वाटण, अख्खा दाणा अजिबात नाही, थोडंथोडं सुरू करा म्हणून सांगितलं आहे, आणि तोवर अंगाला पीठ नाही. "आमच्याकडे आहे ना सगळ्यांना," सासूबाई मावशींना म्हणाल्या, आणि पिठाचा डबा उचलून धिरड्यांसाठी स्वयंपाकघरात ठेवून आल्या. मावशींनी त्याच दिवशी पैसे वाढवून मागितले. पीठ नाही तर मळ काढायला हात जास्त चालवावा लागतो, म्हणाल्या. मळ काढायचाच नाहीये, हे त्यांना अजून पटलेलं नाही.